पायांसमोर पाय

१२ ऑक्टोबर, सोमवार

— आणि वर मलाच विचारतो, "नातं काय?" अकरा वर्षं त्याचे मोजे धुतले, शेवटचे चार महिने चमच्यानं सूप पाजलं, सात वर्षं थडग्यावर फुलं नेतेय. आणि दफनभूमीच्या कचेरीतला टकल्या कारकून कागदावर बोट ठेवून म्हणतो, "बाई, इथं नातं लिहायचंय." मी म्हटलं, सगळ्या आल्कोबासाला ठाऊक आहे. म्हणाला, "गावाची सही चालत नाही."

आन्सेल्मोच्या थडग्याची मुदत भरली. पाच नोव्हेंबरला उकरणार, हाडं वर काढणार. कुणी घेतली नाहीत तर सगळ्यांच्या खड्ड्यात. तिथल्या भिंतीत माझ्या आईच्या हाडांशेजारचा कोनाडा त्याच्यासाठी धरून ठेवलाय मी. पण हाडं मिळणार ती लग्नाच्या बायकोच्या सहीनं. ती ओदेत. वीस वर्षांपूर्वी फ्रान्सला गेली ती गेलीच. लग्न मोडायचा कागद दोघांनीही केला नाही.

१३ ऑक्टोबर

मठाच्या देवळात फरशी पुसताना दगडी पेटीतल्या पेद्रू राजाला म्हटलं, तुझं बरं होतं. बापानं तुझी इनेस मारवली, पण गादीवर बसलास तसं तिला उकरून वाजतगाजत इथं आणलंस. तिला दगडाची पेटी, समोर तुझी. पायांसमोर पाय. जगाच्या शेवटी उठून बसाल तेव्हा आधी एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून. तुझ्याकडे कुणी कागद मागितला?

असा माणूस पुन्हा झाला नाही. रोज पुसते त्याची पेटी, कंटाळा येत नाही.

इथंच, दार लावायच्या आधी, आन्सेल्मो म्हणाला होता, "आपणही असंच. जगाच्या शेवटापर्यंत." माझ्या हातात ओलं फडकं होतं. हसले मी. पण तेवढ्यावर जगले.

१५ ऑक्टोबर

ओदेतला पत्र टाकलं, सोबत सहीचा कागद. चार ओळी, तीनदा लिहिल्या. माझ्या जोडीनं देऊळ झाडणारी झुल्मिरा म्हणते, "सवतीकडे नवऱ्याची हाडं मागणारी तू पहिलीच गं." म्हटलं, नवरा तिचा असेल. हाडं माझी.

२४ ऑक्टोबर, शनिवार

उत्तर नाही. आज तीन नवऱ्या आल्या. इथली जोडपी लग्न लागलं की देवळात येतात, दोन पेट्यांच्या मधे उभी राहून एकमेकांना शब्द देतात. झग्यांतून तांदूळ गळतात, झाडायचे मी.

झुल्मिरा म्हणाली, "राजालाही लग्नाची बायको होती की. कोन्स्तांसा. तिची पेटी दाखव बघू."

गप्प बस म्हटलं तिला. घरी येऊन जेवण गेलं नाही.

२९ ऑक्टोबर

उत्तर नाही.

१ नोव्हेंबर, रविवार

सर्व संतांचा दिवस. शेवंती घेऊन गेले तर थडग्यापाशी एक बाई. करडा कोट, पायाला सूज. मला न्याहाळून म्हणाली, "तू ग्रासिएते ना? पिवळी आणलीस? पिवळी त्याला आवडायची नाही."

मला कधी सांगितलं नाही त्यानं.

"सही देणार का?" मी ओदेतला सरळच विचारलं.

"कसला कोनाडा आहे?"

"कोरडा. ऊन येतं."

तिनं कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "उद्या देवळात येते. आधी मला एक जागा बघायचीय."

२ नोव्हेंबर, सोमवार

दार उघडताच आली. नीट दोन पेट्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. मी पुसते त्याच फरशीवर. म्हणाली, "लग्नाच्या दिवशी इथं उभे होतो. म्हणाला, ओदेत, आपणही असंच. जगाच्या शेवटापर्यंत."

तेच शब्द. एक इकडचा तिकडे नाही.

सही केलेला कागद माझ्या हातात ठेवला नि बस पकडायला गेली.

कागद एप्रनच्या खिशात आहे. आन्सेल्मो, गुरुवारी सकाळी नऊला तुझ्यावरची माती काढतील. उठून बसशील तेव्हा कुणाचं तोंड शोधणार आहेस? बुधवारपर्यंत सांग. नाहीतर हा कागद मी कचेरीत देत नाही.