रेषेला टेकलेला बाण

तेर, ५ जानेवारी २०२४

ती. स्व. अक्का यांना,
अयोध्याचा सा. न. वि. वि.

झाडलोट झाली होती, चूल पेटली होती, आणि हापशावरून मी दारात आले तर तुमच्या भावानं तोंडातलं दातवण तसंच धरून माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवला. रोजच उतरवायचे. तीच एक सकाळ का आठवते कोण जाणे, त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता घरात नळ आलाय, उतरवायला हंडाच नाही.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुम्हाला कमी ऐकू येतं आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. किराण्याच्या पुड्या वाचत शिकलेली मी, अक्षर सांभाळून घ्या.

दिवाळीपासून शाळेच्या मैदानावर बायकांची तिरंदाजी सुरू झालीय. बसवेश सर शिकवतात. गवताच्या गादीवर रंगीत कागद लावायचा आणि वीस मीटरवरून बांबूच्या धनुष्यानं बाण मारायचे. शेजारच्या मिनाजनं मला हाताला धरून नेलं. पहिल्या दिवशी दोरी लागून हात काळानिळा झाला. पण दोरी ताणली की डोक्यात दुसरं काही राहत नाही, म्हणून जाते.

दोघींत एक गादी असते. माझी जोडी मिनाजशी. तिचे मालक कलीमभाई रोज येतात. तिचे बाण संपले की हातातलं धनुष्य घेतात, पाण्याची बाटली देतात. भला माणूस आहे. मला मात्र ते बघवत नाही. खरं लिहिते अक्का, तिचा बाण चुकला की मला बरं वाटतं. भूमला बायकांच्या स्पर्धा आहेत, इथून चौघी निवडणार. तिच्या आधी माझं नाव लागावं, एवढंच मनात आहे.

पोरांना आशीर्वाद सांगा. माझ्यावरची माया पत्रातून कळू द्या.
तुमची अयोध्या


लोहारा, ११ जानेवारी २०२४

चि. अयोध्या हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दातवण धरून हंडा उतरवणारा माझा भाऊ डोळ्यांपुढं आला. आईच्या डोक्यावरचा बी असाच उतरवायचा. माझा मात्र कधी न्हाय, उलट माझ्या पाटीत गुपचूप दगड टाकायचा.

हेवा वाटतो म्हणतीस. व्हय, वाटणारच. पण माझं कुणाला सांगू? आमचे मालक जिवंत हायत, पण खाटेवरून उठून स्वतःचा तांब्या भरून घेत न्हायत. तेरला बायका तिरंदाजी करतात म्हणून सांगितलं, तर म्हणाले, तू आधी कालवणात मीठ बरोबर टाक. तू कुणाला न विचारता सकाळी मैदानावर जातीस, त्याचा मला लई हेवा वाटतो. आता बोल!

भूमला जा. माझ्या भावाचं नाव घेऊन बाण मार. तुझं नाव लागलं की मी इथं पेढे वाटते. फक्त मिनाजनं तुला घराबाहेर काढलं, तेवढं ध्यानात असू दे.

पत्राला उशीर लावू नको, माया शिळी होते.
तुझी अक्का, नागूबाई


तेर, २२ जानेवारी २०२४

ती. स्व. अक्का यांना,
सा. न. वि. वि.

काल निवड झाली. चौघींत माझं नाव लागलं. तीस बाणांत मला मिनाजपेक्षा एक गुण जास्त मिळाला. तिचं नाव हुकलं. आमच्यातल्याच म्हाळसाबाईनं सगळ्यांना साखर वाटली.

तुम्ही पेढे वाटू नका. आमच्यात रीत अशी, की मी मिनाजचे गुण लिहायचे आणि तिनं माझे. लिहून होईपर्यंत बाणाला हात लावायचा नाही. बाण रेषेला नुसता टेकला तरी आतल्या रंगाचा, म्हणजे जास्तीचा गुण द्यायचा. शंका आली तर सरांना बोलवायचं. मिनाजचा शेवटचा बाण लाल आणि पिवळ्याच्या मधल्या रेषेला टेकला होता. नऊ होते. तेवढ्यात कलीमभाई आले आणि दोरी लागू नये म्हणून तिच्या हाताला बांधलेला पट्टा सोडायला लागले. ती त्यांना काहीतरी सांगून हसली. मी आठ म्हणाले, आठ लिहिले आणि बाण उपसला. तिनं एकवार निशाणाकडं बघितलं आणि कागदावर सही केली.

नऊ लिहिले असते तर आमची बरोबरी झाली असती आणि चौथ्या जागेसाठी दोघींना एक-एक बाण पुन्हा मारावा लागला असता. कदाचित मीच जिंकले असते. आता ते कधी कळायचं नाही.

रागवा, पण मला परकी करू नका.
तुमची अयोध्या


लोहारा, २७ जानेवारी २०२४

चि. अयोध्या हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताट तसंच सारलं. रागवायला तू लहान न्हायीस. माझ्या भावाचं नाव घेऊन मार म्हणाले होते, तेवढं माघारी घेते. मिनाजला सांगितलंस की मला लिही. तोवर माझं पत्र येणार न्हाय.

आशीर्वाद हायत, ते कुठं जात न्हायत.
अक्का


तेर, ३० जानेवारी २०२४

ती. स्व. अक्का यांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुपारी आलं. तशीच मिनाजकडं गेले. ती अंगणात मेथी निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, बाण रेषेला टेकलेला तिलाही दिसला होता. पण मी आठ म्हणाले, तेव्हा तिला वाटलं आपलीच नजर अधू झाली. बुधवारी कलीमभाई तिला धाराशिवला डोळे दाखवायला घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, नजर एकदम चांगली आहे. मग त्या दिवशी आपल्याला तसं का दिसलं, याचाच ती आठवडाभर विचार करत होती. माझ्याविषयी तिच्या मनात शंका आलीच नाही.

कलीमभाई दारात होते. एरवी, भाभी चहा घेऊन जा, म्हणतात. आज आत निघून गेले.

परत येताना वाटेत काय मनात यावं? दवाखान्याच्या बाकावर तिच्यासाठी बसून राहणारं कुणीतरी आहे. एवढं होऊनही हेवा गेला नाही अक्का. तुम्हाला खोटं कशाला लिहू?

राग गेला नसेल तर रागानंच, पण दोन ओळी लिहा.
तुमची अयोध्या

ता. क. हे पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी सगळ्या जमल्यावर बसवेश सरांना त्या बाणाचं सांगितलं. सर म्हणाले, सही झालीय, आता नियमानं गुण बदलत नाहीत. मी म्हणाले, मग माझं नाव तरी खोडा. खोडलं, आणि मिनाजचं लिहिलं. म्हाळसाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, आता हिच्या जोडीला कोण उभं राहणार? कुणी राहिलं नाही. मी शेवटच्या गादीपुढं एकटी उभी राहिले आणि तीस बाण मारले.