वेलदोडा हाय, साहेब!

प्रदूषणवाल्या साहेबांना पिंपळवंडीच्या मेहबूबचा सलाम.

साहेब, गेल्या ईदला तुमी आमचा कोळशाचा डेपो तपासायला आलता. वीटभट्ट्यांना कोळसा पुरवायचा धंदा वाढवायचा, तर तुमची परवानगी पायजे व्हती. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्यात धूळ म्हणून उडत न्हाई."

तेवढ्यात आमची मंडळी, बिबिजान, शीरखुर्मा घेऊन आली. ईदचा पावणा आमी तसाच जाऊ देत न्हाई. तुमी नको नको म्हणत एक घास घेतला आन् थांबलात. दुधावर काळे कण तरंगत व्हते.

मी लगेच म्हणलं, "वेलदोडा हाय, साहेब."

"लई कुरकुरतोय की हो तुमचा वेलदोडा!" म्हणत तुमी डेपोला लागून असलेल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या बाजेकडं बघितलं. तिथंच शेवया वाळत व्हत्या.

मग हुकूम आला. आधी उंच भिंत, ढिगावर ताडपत्री, पाण्याचे फवारे, मगच परवानगी. वर्षभर मी त्या शेवयांना शिव्या घालत भिंत बांधली. परवा परवानगी हातात पडली आन् आळेफाट्यावरनं पेढे आणले.

पेढा खाता खाता बिबिजान म्हणाली, "आपल्या खायच्या शेवया मी दरसाल ओतूरला, माहेरी वाळवते. साहेबांच्या वाटीतल्या तेवढ्या आपल्या गच्चीवरच्या व्हत्या."

यंदा मातर समद्याच गच्चीवर वाळत्यात, एक काळा ठिपका न्हाई. म्हणून तुमाला आवतण धाडावं म्हणलं. तर ती म्हणते, "सगळं लिहिलंत व्हय? मग ऱ्हाऊ द्या. साहेब परत आपल्या घरची वाटी तोंडाला लावायचे न्हाईत."

आपला,
मेहबूब वेलदोडेवाला