तिसरा झिरा

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी आता आले आहे, तरी त्या दिवसाचं तुमच्याशी बोलायचं आजवर टाळत आले. सत्तर सालानंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांपैकी एक. मी एकोणीस वर्षांची, मास्तरकीच्या शिक्षणातून सुट्टीला आलेली. हिंगोलीच्या कडेला कयाधूच्या काठी तुमचं काम होतं. गावाचं सांडपाणी एका खोल विहिरीत यायचं, पंपानं तळ्यांत चढायचं, आणि बरेच दिवस उन्हात निवळलं की मगच नदीत सुटायचं. येणारे-जाणारे नाकाला पदर लावायचे. तुम्ही म्हणायचात, "खाली लोकं झिऱ्याचं पाणी पितेत. हे बंद पडलं तर घाण त्यांच्या घागरीत जाईल." नदी आटली की बाया वाळूत खड्डे करून पाणी काढायच्या, ते झिरे. गावाखाली असे तीन होते. तिसरा वळणापलीकडे, तांड्याचा.

त्या दुपारी मी भाकरी घेऊन आले तेव्हा पंप बंद होता. तळाशी चिंध्या अडकल्या होत्या, विहीर भरत चालली होती. तुमच्यावरचे ओव्हरसियर तुम्हाला म्हणत होते, "उतर. अर्ध्या घंट्याचं काम हाय." तुम्ही दोरीला कंदील बांधून आत सोडला. पाण्याला टेकायच्या आधीच तो विझला. "साहेब, आत हवा न्हाई. आज कोणी उतरणार न्हाई." ते चिडले, "मग घाण नदीत जाईल, जबाबदारी तुझी." तुम्ही मान हलवली आणि माझ्याकडे वळलात. "पळ. तिन्ही झिऱ्यांवर सांग, चार दिवस पाणी भरू नका म्हणाव."

मी पळते आहे. वाळू पोळते आहे. पहिल्या झिऱ्यावर सांगितलं, दुसऱ्यावर सांगितलं. आणि मग मनात आलं, मी इकडे, ओव्हरसियर तिकडे तुमच्या डोक्यावर उभे. आतापर्यंत तुम्ही उतरला असाल. विझलेला कंदील डोळ्यांपुढून हलेना. पुढे पाऊल पडेना. मी परत फिरले. तुम्ही कठड्यावर बसला होतात, धडधाकट, आणि काळं पाणी नदीकडे वाहत होतं. तुम्ही विचारलंत, "तांड्यावर गेलतीस?" मी म्हणाले, "व्हय."

तेव्हाच खरं सांगून पुन्हा पळता आलं असतं. नाही पळाले. दुसऱ्या दिवशी विहीर वरून उपसून, तिला वारा लागू देऊन, कंदील आत जळत राहतो हे पाहून, कमरेला दोर बांधून तुम्ही उतरलात आणि पंप चालू केलात. माझी भीती मात्र तेव्हा सुरू झाली. मी जेवत नव्हते; आई म्हणाली, ऊन लागलं.

आठवड्याभरानं कळलं, तांड्यावरचं एक लेकरू हगवणीनं पडलंय. तुम्ही मला घेऊन गेलात. लेकरू खाटेवर होतं, डोळे खोल गेलेले, पण पेज पीत होतं. तुम्ही त्याच्या आईला म्हणालात, "माझी पोरगी सांगून गेलती ना, पाणी भरू नका म्हणून?" ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या नजरेला नजर देईना, ते तिनं पाहिलं असावं. मग ती म्हणाली, "व्हय, सांगितलं होतं. आमीच ऐकलं न्हाई." तुम्ही सुटल्यासारखा श्वास सोडलात. परतताना म्हणालात, "तू तुझं काम बराबर केलंस."

लेकरू वाचलं. आमच्या पाण्यानंच पडलं होतं का, हे मला कधीच कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. त्या बाईकडेही पुन्हा गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. पुढे तीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं.

बाबा, तांड्यावर मी गेलेच नव्हते. हे लिहिताना सगळ्यात आधी मनात काय आलं तेही सांगते: बरं झालं, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही.