चिमणीची गळती

प्रिय अप्पा,

आज आठव्या दिवशी नळ आले. टाकी, ड्रम, कळश्या, सगळं भरून झालं. तुम्ही असता तर चहाचे कपसुद्धा भरून ठेवले असते! हात पुसले आणि लिहायलाच बसले. तुमची माफी मागायची राहिली आहे, आणि ती मागितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आधी चिमणीची खबर. मांजरीचं नाव चिमणी ठेवणारे जगात तुम्ही एकटेच! गुलमंडीत माझ्या साडीचा फॉल आणायला गेलात आणि पिशवीतून मूठभर पिल्लू काढलंत. फॉल विसरलात तो विसरलातच. त्यालाही आता पंधरा वर्षं झाली.

तुम्ही गेलात आणि दोन महिन्यांत ती वाळून गेली. छावणीजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. किडन्या थकल्यात, बऱ्या होणार नाहीत, म्हणाले. पण पोटात पाणी जात राहिलं तर अजून चांगले दिवस काढेल. कातडीखाली सलाईन द्यायला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी सुई माझ्याच बोटात घुसली! आता मी तिच्या मानेमागची कातडी चिमटीत धरते, सुई घालते, आणि ती मला मनसोक्त शिव्या घालते.

पण वाटीतलं पाणी काही पिईना. स्टीलची वाटी झाली, काचेची झाली, मातीचं भांडं झालं. हुंगायची, आणि मागच्या अंगणात बंद नळाखाली जाऊन बसायची. मला वाटलं, म्हातारपणी हिचंही तुमच्यासारखंच डोकं फिरलं.

शेजारच्या जमीलाखाला भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "अगे, अप्पा उसके वास्तेच तो नल टपकता छोडते थे. तेरेकू मालूम नै था?"

नव्हतं मालूम, अप्पा.

जन्मभर आम्हा पोरांना थेंबाथेंबावरून बोललात. "गावाकडं करमाडात एका घागरीत सारं घर आंघोळ करायचं," हे किती वेळा ऐकलंय! आणि शेवटच्या वर्षी तोच माणूस नळ ठिबकता ठेवून जायला लागला. टाकी पाचव्या दिवशीच रिकामी. मी काय बोलले, आठवतं? पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "तुम्हाला काहीच लक्षात राहत नाही आता. डोक्याच्या डॉक्टरला दाखवून आणते." तुम्ही चपलांकडे बघत म्हणालात, "व्हय गं, विसरलो."

दुसऱ्याच दिवशी मी प्लंबर बोलावून खटकन बंद होणारा नळ बसवला. मग तुम्ही रोज तांब्या घेऊन अंगणात तासभर बसायचात. मला वाटायचं, तुळशीला पाणी घालताय.

का नाही सांगितलंत? मांजरीसाठी पाणी सोडतो म्हणायची लाज वाटली? का माझ्या तोंडाची भीती वाटली? त्यापेक्षा विसरभोळं ठरणं बरं वाटलं तुम्हाला! तुमचा फार राग आला, आणि त्याहून जास्त माझा. तिथंच अंगणात बसून रडले.

नवा नळ ठिबकत नाही. सोडला तर धार, नाहीतर काहीच नाही. मग देवघरातली तांब्याची गळती काढली, श्रावणात तुम्ही महादेवाच्या पिंडीवर टांगायचात ती. तुळशीजवळ टांगली, खाली परात ठेवली. थेंब पडायला लागले. चिमणी आली, मान वाकडी केली, जीभ काढली. किती वेळ पीत होती म्हणून सांगू! परातीत उरतं ते तुळशीला जातं. थेंब वाया जात नाही, अप्पा, हवं तर तपासून बघा!

महिना झाला. अंगावर थोडं मांस आलंय. काल चक्क भिंतीवर उडी मारली, आणि खाला ओरडल्या, "बुढ्ढी जवान हो गई गे!" किती दिवस आहेत ते मला नाही माहीत, पण आहेत ते तिचे मजेत चाललेत.

ती गळती आता चिमणीची. श्रावणात महादेवाला नवी आणीन. आणि तुम्हाला एक शब्द देते. यापुढं कुणी म्हातारं माणूस नळ उघडा टाकून गेलं, तर ओरडायच्या आधी मी वाकून बघेन, खाली कोण पितंय ते.

तुमची,
बेबी