बापसाची डोल देवळात

प्रिय अस्मिताताई,

गावाच्या कारभारात नाक खुपसू नकोस म्हणालीस ना? खुपसणार! बापूस काय तुझ्या एकटीचा आहे? फोन तू मधेच कट करतेस, म्हणून लिहितोय. सातवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घे. इथे कांडल्याला क्रेनवरचं काम सोडलं, आता टगबोटीवर आहे. हसू नकोस, बोट निदान हलते तरी.

शेजारच्या कुंदनने सगळं सांगितलं. मासळीच्या पोटात अंड्यांची गाभोळी असते तो महिना खाडीत डोलीचं जाळं लावायचं नाही, हा गावाचा नियम. तो पाळायला आपल्या दिवाळे गावाची स्वतःची राखण. शिट्ट्या नि जाकिटं पोलिसांनी दिली, पण माणसं आपली आणि म्होरकी तू. त्याच महिन्यात आपला बापूस गुपचूप होडी काढतो! वर डोल पाण्यात सोडताना सवयीने 'एकविरा आईचा उदो!' म्हणून बोंबलतो. चोरून जाळं लावणारा देवीला हाक मारतो का गं? पण हाक न मारता त्याच्या हातून डोल सुटलीच नसती. धक्क्यावर तुम्ही सगळ्यांनी आवाज ओळखला म्हणे. मी इतका हसलो की आमच्या तांडेलाने चहात काय घातलंय विचारलं.

राखणीतल्या बाकीच्या बायका म्हणाल्या, जाऊ दे, तुझाच बापूस आहे. तू ऐकलं नाहीस, राखणीची होडी काढून त्याला खाडीतच गाठलंस. मासळी परत खाडीत, डोल देवळात, दंड भरेपर्यंत वर कुलूप. गेल्या वर्षी राहीबाईच्या नवऱ्याची डोलही तू अशीच ठेवलेलीस. आता बापूस तुझ्या हातचं कालवण खात नाही. खाईल. तुझं बोंबलाचं कालवण सोडून जाणार कुठे?

पण रविवारी तू पंचांपुढे शिट्टी ठेवून राखण सोडणार आहेस, हे कळलं आणि हसू गेलं. ताई, ठेवू नकोस. एवढंच सांगायला लिहायला बसलो. तू सुटलीस की राखण सुटेल. मग बाहेरचा कुणी रखवालदार येईल आणि आपल्याच धक्क्यावर आपल्याला नाव-गाव विचारील. काल बापसाशी बोललो. आधी त्याने तुला भरपूर शिव्या घातल्या. मग हळूच म्हणाला, पोरगी होडीत सरळ उभी होती रे, जरा हलली नाय. त्याचा दंड तोच भरील, त्यात मी एक रुपया घालणार नाही. राखणीच्या होडीचं वल्हं मोडलंय ना? रविवारच्या आधी नवं घे. अडीच हजार पाठवतोय.

तुझाच भांडखोर,
सनी