मिस हिवाळे यांचा सेवाप्रवास

सातारा, १ जानेवारी १९४५
यंदाचा संकल्प एकच, पुस्तक. नाव ठरले: ‘माझा सेवाप्रवास’, लेखिका मिस सलोमी हिवाळे. पहिले पान तीनदा लिहून काढले. तिसरे फारच सुरेख आले. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून शाळेतल्या मुलींच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर लिहिणार. ईस्टरनंतर सांगलीला ख्रिस्ती स्त्रियांचे संमेलन आहे. तिथे एक प्रकरण वाचायचे, कमिटीला आवडले की पुस्तक छापायला जाणार. आवडणारच. प्रवास तेवढा अजून झालेला नाही.

३ जानेवारी
प्रवासाचीही सोय झाली. आमच्या मिशनची राहीबाई दर हिवाळ्यात तंबू घेऊन म्हसवडकडे सुवार्तेला जाते, वाड्यावस्त्यांवर बायकांत बसते, आजाऱ्यांचे करते. वय साठ, वाचते अक्षराला अक्षर लावून. तिला म्हटले, यंदा मी बरोबर येते. म्हणाली, “या की बाई. पन लय चालावं लागतंय.” मला हसू आले. प्रेषित पौल चाललाच ना? नवे बूट घेतले.

म्हसवड, १० जानेवारी
पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालणाऱ्या मोटारीने तोंड काळे झाले. राहीबाईने ओल्या फडक्याने पुसले. फलटण पाहिले, म्हणजे मोटारस्टँड. चार पाने सहज होतील.

११ जानेवारी
पहिली वस्ती दीड कोसावर. अर्ध्या वाटेतून परतले. दोन्ही टाचांना फोड. राहीबाई अनवाणी पुढे गेली. अशा माणसांना काट्याकुट्यांचे काही वाटत नाही, हा प्रभूचा त्यांच्यावर केवढा उपकार!

१४ जानेवारी
पद्धत बसली. मी तंबूत टेबल मांडून बसते. राहीबाई संध्याकाळी परतली की चहाच्या आधी सगळे विचारून घेते. चहा आधी दिला तर पेंगते आणि निम्मे विसरते. तिचे सांगणे अगदीच ओबडधोबड. मी त्याला स्टाइल देते. तिच्या जागी स्वतःला घातले की प्रसंग उठून दिसतो. यात खोटे काय? मी आले नसते तर हे लिहिले कोणी असते?

१९ जानेवारी
राहीबाई दोन दिवस फिरकली नाही. स्टोव्ह मला पेटवावा लागला. आज आली. धोंडुबाई नावाच्या धनगरणीची चार वर्षांची लेक तापाने गेली. दोन दिवस ती राहीबाईच्या मांडीवरच होती. “पानी पानी करत हुती बाई. शेवटाला माजं बोट धरलं आन् गेली.” एवढे सांगून रडायलाच लागली. मी म्हटले, रडणे नंतर, आधी सांगा, बोट कोणते? करंगळी. वा! आजवरचे सर्वोत्तम प्रकरण.

सातारा, २ फेब्रुवारी
राहीबाईलाही तोच ताप. दौरा आटोपून यावे लागले, तेही पुस्तक ऐन रंगात आले असताना. तिला दवाखान्यात ठेवले. देवाची इच्छा, पण वेळ चुकली.

९ फेब्रुवारी
दवाखान्यातून निरोप: राहीबाई सारखी माझी आठवण काढते. उद्या जाईन. आज ‘आजाऱ्यांची सेवा’ हे प्रकरण संपवायचे आहे.

१३ फेब्रुवारी
पुन्हा निरोप, येऊन जा म्हणून. निघालेच होते. पण लिहिताना डोळे भरून आले असता मध्येच उठले की सूर जातो. तिच्यासाठी पाच मिनिटे प्रार्थना केली. प्रार्थनेला अंतर नसते.

१७ फेब्रुवारी
राहीबाई काल प्रभूच्या घरी गेली. दफनाला शाळेतल्या मुलींचा वर्ग पाठवला. गारठ्यात उभी राहिले असते तर माझा घसा बसला असता, आणि सांगलीला वाचायचे आहे.

१२ मार्च
वाचनाचा सराव. करंगळीपाशी रोज थांबून डोळे टिपते. ती पोर माझ्या मांडीवर किती हलकी होती, ते काही केल्या विसरता येत नाही. एक नामी कल्पना सुचली. आमच्यात कोणी साक्ष दिली की ज्याने ते पाहिले तोही उठून उभा राहतो. धोंडुबाईलाच सांगलीला बोलवावे! कमिटीतल्या बायकांना रुमाल पुरायचे नाहीत. म्हसवडच्या मास्तरांना पत्र टाकले, तिला मोटारीत बसवून द्या.

सांगली, ७ एप्रिल, सकाळी ८
धोंडुबाई आली. फडक्यात बाजरीच्या भाकरी बांधून आणल्यात. सारखी इकडेतिकडे बघते. एवढी सभा पाहून बुजली असावी. मला ओळखले नाही. दुःखाने माणूस किती विसरतो!

७ एप्रिल, संध्याकाळी ६
वाचले. करंगळीला सगळी सभा रडली. अध्यक्षीण लीलाबाई म्हणाल्या, आता या आईने दोन शब्द सांगावेत. धोंडुबाई उठली. “ह्या बाईला म्या कवा बगितलं न्हाई. माजी पोर राहीबाईच्या मांडीवर गेली. ती म्हातारी कुटं हाय? तिच्यासाटनं भाकरी आनल्यात.”

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. शेवटी मागून कोणीतरी सांगितले, राहीबाई फेब्रुवारीतच गेली. धोंडुबाईने खाली बसून जो हंबरडा फोडला, तसा माझ्या पुस्तकात कुठेच नाही. लीलाबाईंनी कागद नीट लावून माझ्या हातात परत दिले. रागावल्यासुद्धा नाहीत. चहाला माझ्या शेजारी कोणी बसले नाही.

सातारा, १० एप्रिल
परवा धोंडुबाईला मोटारीवर पोचवायला मीच गेले. मला दुसरे काम कोणी सांगत नव्हते. मोटार सुटता सुटता तिने विचारले, “बाई, म्हातारी गेली तवा जवळ कोन हुतं?”

खरे सांगायचे म्हणून तोंड उघडले. म्हणाले, मी होते.

तिने माझे दोन्ही हात धरले. “मग बरं झालं. येकली न्हाई गेली.” आणि समाधानाने मोटारीत बसली.

माझे एवढेच तिने खरे मानले. दोन दिवस लाजेने खोलीबाहेर पडलेले नाही. दवाखाना या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर आहे.