पाच घरांची हमी

धाकट्या शुआनला थोरल्या बहिणीचे उदंड आशीर्वाद.

आम्ही खुशाल. बाजरी चांगली आली, नातवंडं धडधाकट आहेत. छिन राज्यात आता चोर उरला नाही, दाराला कडी लावत नाही. पाच घरांची एकमेकांवर हमी. एकाचा गुन्हा लपवला की पाचही घरांना शिक्षा.

शेजारच्या रेनम्हाताऱ्याने बकरी चोरली. पोटच्या पोरानेच चौकीवर सांगितलं. बापाचं नाक गेलं, पोराला शेत मिळालं. तू तिकडे शिष्यांना शिकवतोस, बापाचा गुन्हा मुलाने झाकावा. इथे असं बोललास तर जीभ जाईल.

माझा कुओ त्या पोराचं फार कौतुक करतो. काल जेवताना म्हणाला, "आई, मामा कधी येतोय? अजून तेच शिकवतो का?" दहा वर्षांत त्याला मामा आठवला नव्हता.

मी म्हटलं, "मामा मेला रे." आणि सुतकाचं पांढरं नेसून बसले. म्हणून सांगते, तू इकडे येतो म्हणालास ते विसर. गुडघ्याला शेक देतोस ना?

कुओ रडला नाही. एवढंच म्हणाला, "निरोप कोणी आणला?"

हे पत्र आणणाऱ्या मिठाच्या गाडीवाल्याला या वाटेने परत पाठवू नकोस.

तुला जिवंतपणी रडून घेतलेली,
ताई